तंबाखूचं वाक्य

‘यूज्ड टू’ वापरून पाच वाक्यं लिहा, हा गृहपाठ मी नववीला दरवर्षी देतो. निपाणी भागातली आमची मराठी शाळा. वही उघडायच्या आधीच ठाऊक असतं, आत काय असणार: ‘आय यूज्ड टू ब्रश माय टीथ डेली.’ पोरांचा दोष नाही. गाइडात ‘यूज्ड टू म्हणजे सवय असणे’ एवढंच छापून मोकळे होतात, त्याचा मला संताप येतो. रोजच्या सवयीला साधं ‘आय ब्रश’ पुरतं. आणि ‘यूज्ड टू’ला तर मराठीत नेमकं रूप आहे! ‘आम्ही ओढ्यावर पोहायला जायचो.’ हे ‘जायचो’ म्हणजेच ‘यूज्ड टू गो’. तेव्हा होतं, आता नाही. अंगवळणी पडल्याचं वाक्य निराळं. त्यात आधी ‘ॲम, इज, आर’ लागतं आणि ‘टू’पुढे नाम किंवा ‘आयएनजी’चं रूप येतं. ‘आय ॲम यूज्ड टू वॉकिंग’, मला चालायची सवय आहे. फळ्यावर दोन रकाने आखून मी हे शिकवतो, आणि जीव ओतून शिकवतो.

परवा अडतीस वह्या होत्या. पहिल्या दहा-बारा वह्यांत तीच चूक, मग हात आपोआप चालायला लागला. एका मुलानं लिहिलं होतं, ‘वी यूज्ड टू ग्रो टोबॅको.’ निपाणी म्हणजे तंबाखू. मी ‘यूज्ड टू’ खोडलं. खाली होतं, ‘माय ग्रँडफादर इज नॉट यूज्ड टू शुगरकेन.’ क्रियापद राहिलं असं वाटून तिथंही लाल रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला.

“सर, आम्ही आता तंबाखू करत नाही. ऊस लावलाय.”

“आणि आजोबांचं काय लिहिलंयस?”

“त्यांना उसाची सवयच नाही, सर. तंबाखूत रोज काम असायचं. शेंडा खुडा, फुटवे काढा. आता सकाळी जाऊन बांधावर नुसते बसतात.”

तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी केलेल्या १९८१च्या आंदोलनात आजोबा हमरस्त्यावर बसले होते, हेही त्यानं सांगितलं.

दोन्ही वाक्यं बिनचूक होती. दुसऱ्यात तर ‘टू’पुढे थेट नाम. माझी फळ्यावरची उदाहरणं सगळी ‘आयएनजी’ची असतात, हे वाक्य त्यानं स्वतः बांधलं होतं. इतक्या वर्षांत नववीच्या वहीत असं वाक्य मी पाहिलं नव्हतं, आणि आलं तेव्हा वाचलंच नाही. त्याच्यासमोर दोन्हींवर बरोबरची खूण केली. खालची लाल रेघ काही पुसली गेली नाही.

संध्याकाळी सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. एकीत ‘माय मदर यूज्ड टू रोल बिडीज’ सापडलं, तेही मी खोडलेलं. ती मुलगी दोन दिवस शाळेत आलेली नाही. आली की आधी तिला विचारायचं आहे.