मन लागेल याची वाट पाहू नका

नैराश्यात असलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: "जरा बरं वाटलं की करेन." आंघोळ, फोन, अर्धवट पडलेलं काम, सगळं त्या बरं वाटण्यापाशी अडून राहतं. एरवी हा क्रम चालतो, कारण एरवी इच्छा आपसूक होते. नैराश्यात इच्छा होणंच मंदावलेलं असतं, म्हणून क्रम फिरवावा लागतो. आधी कृती, इच्छा मागून. या उपचाराचं नाव बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. आपण कृतिउपचार म्हणू.

नैराश्याचा इच्छाशक्तीशी, आळसाशी काहीही संबंध नाही, आणि तसा असतो हा गैरसमज फार जखमा करतो. फोन वाजला, उचलला नाही, की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. त्या सुटकेमुळे टाळण्याची सवय पक्की होते. पण टाळता टाळता दिवसातले बरं वाटण्याचे प्रसंगही गळून पडतात, मन आणखी उतरतं आणि टाळायला आणखी कारण मिळतं.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीतला (यात विचार करण्याची आणि वागण्याची पद्धत दोन्ही बदलतात) नुसता कृतीचा भाग मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वेगळा काढून तपासला. तो पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये 440 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मानसिक आरोग्य सेवेतल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला कृतिउपचार अनुभवी थेरपिस्टांच्या विचार-वर्तन उपचारापेक्षा कमी पडला नाही.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. दर तासाला काय केलं ते दोन-तीन शब्दांत, आणि पुढे मनाला 0 ते 10 पैकी गुण. रात्री एकदम लिहायला बसू नका. उतरलेलं मन "सगळा दिवस वाईट गेला" एवढंच आठवतं. तासागणिक वहीत मात्र 2 आणि 4 यांतला फरक दिसतो. त्या 4 च्या वेळी काय चाललं होतं, हे शोधायचं आहे. हातात मोबाइल घेऊन पडून राहिल्याच्या तासांना किती गुण पडलेत, तेही बघा.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज दोन-तीन गोष्टी ठरवा. एक पूर्वी आवडायची अशी, एक "जमलं बुवा" असं वाटायला लावणारी, जमल्यास एक माणसांमधली. प्रत्येकीला वेळ आणि जागा हवी. "व्यायाम करेन" हे ठरवणं नव्हे. "सकाळी साडेआठला बूट घालून 10 मिनिटं चालेन" हे ठरवणं. माप कामावर नको, वेळेवर ठेवा: कपाट आवरायचं नाही, 10 मिनिटं आवरायचं आणि थांबायचं. सर्वांत वाईट दिवशीही जमेल एवढाच आकार योग्य. करण्याआधी किती बरं वाटेल याचा अंदाज लिहा आणि केल्यावर खरे गुण लिहा. नैराश्यातला अंदाज बहुधा खालचा निघतो, आणि हे स्वतःच्या अक्षरात वाचलेलं दुसऱ्या कुणी समजावण्यापेक्षा जास्त पटतं.

बिघडतं कुठे? एखादा दिवस बरा जातो, माणूस साचलेली सगळी कामं उरकायला जातो आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. म्हणून बऱ्या दिवशीही ठरल्याहून फार पुढे जाऊ नका. काहींची यादी "केलं पाहिजे" अशा कामांनीच भरलेली असते, त्यात स्वतःला आवडणारं एकही नसतं. काही जण चालून येतात, पण चालताना डोक्यात तेच जुनं दळण चालू असतं. अशा वेळी लक्ष पावलांकडे, आवाजांकडे, अंगाला लागणाऱ्या वाऱ्याकडे पुन्हापुन्हा आणावं लागतं. आणि दोन दिवसांत गुण वाढले नाहीत म्हणून सोडून देणं, हे सर्रास होतं. किमान तीन-चार आठवडे द्या.

घरच्यांनी "मन रमव कशात तरी" म्हणू नये. "चल, 10 मिनिटं फिरून येऊ, मी येते बरोबर" हे चालतं.

उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर राहिलं, तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइडचा त्रास आणि रक्तक्षयही असाच थकवा आणतात, तेव्हा रक्त तपासून घ्यावं. औषधं चालू असतील तर हा उपचार त्यांच्या जोडीनं करायचा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात. पूर्वी कधी झोपेविना अफाट उत्साहाचे दिवस येऊन गेले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान आणि औषध दोन्ही बदलू शकतं.

खाणंपिणं सुटलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या. घरच्यांनो, विचारल्यानं आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंयस का?" उत्तर हो आलं तर वाद घालू नका, उपदेश करू नका. माणसाला एकटं सोडू नका, गोळ्या, विषारी औषधं, जे काही हाताशी असेल ते दूर करा, आणि दवाखान्यात स्वतः सोबत जा.