मेट्रोबसने आशियात

इस्तंबूलमध्ये एदिर्नेकापीला, जुन्या तटबंदीजवळ, मेट्रोबसच्या, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बससेवेच्या (बीआरटी), फलाटावर उतरलो आणि पहिलीच बस बघून दचकलो. तुर्कस्तानात वाहनं उजवीकडून चालतात. ही मात्र आपल्यासारखी डावीकडून आली! कारण साधं आहे. फलाट हमरस्त्याच्या मधोमध, दोन्ही दिशांना मिळून एकच, आणि बसची दारं उजवीकडे. मग इथल्यांनी दारं न हलवता मार्गिकांचीच अदलाबदल केली. पुण्यात आपण मधल्या थांब्यांसाठी दोन्ही बाजूंना दारं असलेल्या बस आणल्या. मला विचाराल तर हा तुर्की जुगाड भारी.

२००७ साली तोपकापी ते अवजिलार एवढाच असलेला हा मार्ग आता बेयलिकदुझुपासून आशियातल्या सोउत्लुचेश्मेपर्यंत ५२ किलोमीटर पसरलाय. इस्तंबूलकार्ड, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, टेकवलं की आधी पूर्ण भाडं कापलं जातं. जवळच उतरलात तर स्थानकावरच्या यंत्राला पुन्हा कार्ड लावून उरलेले पैसे परत घ्यायचे. घाईतली मंडळी तशीच निघून जातात. पैसेवाली असावीत.

मध्ये भाता असलेल्या लांबलचक जोडबस एकीमागून एक येत होत्या, तरी उभं राहायला जागा मुश्किलीने मिळाली. शेजारी डी-१०० महामार्गावर मोटारी खोळंबलेल्या आणि आम्ही सुसाट. गोल्डन हॉर्न खाडीवरचा पूल कधी आला, कधी गेला, कळलंसुद्धा नाही. माझ्यापुढे एका धिप्पाड गृहस्थांची पाठ होती.

झिंजिर्लिकुयुला गाडी बदलली. बसायला हवं असेल तर इथून सुटणाऱ्या रिकाम्या बससाठी रांगेत थांबायचं. मी तिळाचा सिमित (कड्यासारखा पाव) खात थांबलो आणि उजवीकडची खिडकी पटकावली.

युरोप आणि आशिया जोडणाऱ्या, बॉस्फरस सामुद्रधुनीवरच्या १९७३ च्या पुलावर मेट्रोबसला स्वतःची मार्गिका नाही. तिथे ती मुकाट्याने उजव्या बाजूला येते आणि चारचौघांसारखी अडकते. आम्हीही अडकलो. रोजचे प्रवासी वैतागून मोबाइलमध्ये घुसले. मी मात्र खूश! खाली ओर्ताकॉयची मशीद, पाण्यावर बोटींची ये-जा, समोर आशिया. पर्यटकांच्या क्रूझला मोजावे लागतात त्याच्या तुलनेत किरकोळ पैशांत. बीआरटी जिथे हरते, नेमकी तिथेच खिडकी वसूल होते.

सोउत्लुचेश्मेहून कादीकॉयचा धक्का चालत गाठता येतो. परत येताना तिथून युरोपच्या बाजूच्या एमिनोनूची फेरीबोट घ्या. संध्याकाळच्या मेट्रोबसमध्ये शिरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.