वरचे एकशे ऐंशी

वीसची नोट हिरवट पिवळी आणि दोनशेची भडक पिवळी, हा फरक रिझर्व्ह बँकेच्या कागदावर अगदी स्पष्ट आहे. दिवेलागणीनंतर सोलापूरच्या मंगळवार बाजारात, भाजीच्या ढिगावर लोंबणाऱ्या बल्बखाली तो उरत नाही. वीसच्या मागे वेरूळची लेणी, दोनशेच्या मागे सांचीचा स्तूप. पण कोथिंबिरीच्या ओल्या हातानं कमरेच्या पिशवीतून नोट काढणाऱ्या बाईनं गिऱ्हाईक बघायचं की लेणी? २०१७ साली दोनशेची नोट आली, २०१९ साली नवी वीसची, आणि आपल्या नशिबात 'वरचे एकशे ऐंशी' नावाचा एक नवा योग तयार झाला. परत यायचे असतात वीस, हातात येतात दोनशे.

त्यानंतर माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो पिशवी सावरतो, नोटेकडे बघतो, बाईकडे बघतो, उगीचच मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. आणि बहुतेक वेळा म्हणतो, "ओ अक्का, दोनशे दिलेत की." अक्का नोट हिसकावल्यासारखी परत घेते, वीस देते, स्वतःवरच चरफडते आणि पुढच्याला विचारते, "काय देऊ?" आभारबिभार काही नाही. मला हा प्रकार फार आवडतो. त्यात कुणी मोठं झालेलं नसतं आणि कुणी लहान.

पण सगळी बाब इतकी साधी असती तर लिहायचं कारण नव्हतं. हाच माणूस, जो अक्काला दोनशे परत करतो, तो एसटीच्या कंडक्टरनं चुकून दिलेले वरचे चाळीस रुपये खिशात घालताना मागंपुढं बघत नाही. "महामंडळाचे आहेत हो!" तिकिटामागे कंडक्टरनं 'बाकी ४०' लिहून दिलेलं असलं, की तेच चाळीस रुपये तुळजापूरचा घाट चढेपर्यंत त्याच्या जिवाला चैन पडू देत नाहीत; तीनदा मागून होतात. वरचे चाळीस मात्र बसल्या जागी विरघळतात.

महामंडळाचे कसले? नवरात्रातली तुळजापूरची गाडी डोळ्यांसमोर आणा. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफ, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे एकाच कुटुंबाचे तीन हिशोब. त्यात पोरगं पाचच्या आतलं की वरचं यावर वाद, आणि सगळ्यांच्या हातात पाचशेच्या नोटा. अशा गर्दीत चुकलेले पैसे रात्री डेपोत कॅश भरताना कंडक्टरच्याच खिशातून जातात. जास्त निघाले तरी त्याची सुटका नसते. ड्युटीवर निघताना स्वतःजवळचे पैसेसुद्धा त्याला वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, लिहावे लागतात. वाटेत तपासणीवाले चढले आणि बॅगेत हिशोबापेक्षा जास्त रक्कम सापडली, तर तीही संशयाचीच. कमी पडली तर भुर्दंड, जास्त निघाली तर चौकशी. एवढं माहीत असलेला माणूस ते चाळीस रुपये पचवू शकेल का, अशी मला शंका आहे. आपल्याला ते माहीत नसतं म्हणून पचतात.

नवी पेठेतल्या मोठ्या दुकानात काउंटरवर बसलेली पोरगी मालकीण नसते. बँकेच्या खिडकीतला कॅशिअर बँकेचा मालक नसतो. संध्याकाळी कॅश कमी भरली तर त्याला ती स्वतः भरून द्यावी लागते. "त्या मॉलवाल्याला काय फरक पडतोय?" हे वाक्य मी इतक्या सभ्य तोंडांतून ऐकलंय, की आता त्याचा रागही येत नाही. मॉलवाल्याला नाहीच पडत. गल्ला जुळवून घरी जाणाऱ्या पोरीला पडतो. पण आपल्या डोळ्यांसमोर इमारत असते, तिच्यावरचा झगझगीत बोर्ड असतो. पोरीकडे आपण नीट बघितलेलंच नसतं.

आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांसाठी खुलं केलं, आणि धान्याचा हिशोब चुकता करायला विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला. गोष्ट फार गोड आहे. पण डेपोच्या कॅश काउंटरवर किंवा नवी पेठेतल्या गल्ल्यावर विठू थैली घेऊन उभा राहिल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. तिथली तूट तिथल्याच माणसाच्या पगारातून जाते.

२०१९ साली काही अभ्यासकांनी चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं 'सापडली' म्हणून हॉटेलं, बँका, पोलीस चौक्या अशा ठिकाणच्या माणसांच्या हाती दिली आणि कुणी मालकाला कळवतं का ते पाहिलं. भारतातली शहरंही त्यात होती. बहुतेक देशांत पैसे नसलेल्या पाकिटापेक्षा पैसे असलेलं पाकीट जास्त वेळा परत आलं, आणि तीन देशांत पैसे वाढवून पाहिले तेव्हा आणखी जास्त. या गोष्टीची तेव्हा खूप चर्चा झाली. मला त्यातली किल्ली जास्त महत्त्वाची वाटते. पाकिटांत एक किल्लीही ठेवलेली होती, आणि त्याच तीन देशांत पैसेवाल्या काही पाकिटांतून ती मुद्दाम वगळली होती. सापडणाऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नाही, हरवणाऱ्याचं मात्र दार अडलेलं. किल्लीवाली पाकिटं जास्त परत आली. किल्ली दिसली की दाराबाहेर ताटकळलेला माणूस दिसतो. नुसत्या नोटेत तो दिसत नाही.

आणि माणूस अजिबातच दिसत नसेल तर काय होतं, ते २०२२ च्या जूनमध्ये नागपूरजवळ खापरखेड्यात दिसलं. शंभरच्या खणात पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या आणि एटीएम पाचशेऐवजी अडीच हजार द्यायला लागलं. बघता बघता बाहेर रांग लागली, शेवटी पोलिसांना येऊन ते बंद करावं लागलं. रांगेतले लोक काही दरोडेखोर नसणार. त्यांतल्या कितीतरी जणांनी भाजीवालीचे पाच-दहा रुपये आपणहून परत केले असतील. पण यंत्र काही रात्री गल्ला मोजताना कपाळावर हात मारून बसत नाही.

कायदा या बाबतीत अगदी रोखठोक आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा, आणि त्याचं कलमही ७२; लक्षात ठेवायला सोपं. चुकून ज्याला पैसे मिळाले त्यानं ते परत केले पाहिजेत, एवढंच ते म्हणतं. देणारा गरीब की श्रीमंत, बाई की बँक, असला भेद त्यात नाही. पण भाजी घेताना कलम आठवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर अशा माणसाशेजारी उभं राहून मला भाजी घ्यायचीही नाही.

जास्तीचे पैसे चुकून हातात पडणं ही तशी चैनच म्हणायची. सोलापूरच्या पूर्व भागात हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बायकांना विचारा. माल जमा करताना वाकड्यातिकड्या विड्या छाट म्हणून बाजूला निघतात, पदरात पडतं ते मोजून आणि बहुतेकदा कमीच. त्यांच्या बाजूनं चुकलेला हिशोब मी तरी कधी ऐकला नाही. गंमत म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर, पाळण्याच्या तिकिटाच्या रेटारेटीत, "ओ भाऊ, दहा जास्त दिलात" म्हणून परत फिरलेली बाई मी पाहिली आहे, ती पूर्व भागातलीच होती. तिला त्या दहाचं वजन ठाऊक होतं. तिच्या मागचा जाकीटवाला मात्र खोळंबा झाला म्हणून वैतागला होता.

परत देण्याचंही एक तंत्र आहे, आणि ते सगळ्यांना जमत नाही. दुकानात जाऊन नुसतं "मालक, हिशोब चुकलाय" म्हणून बघा. मालकाचा चेहरा ताबडतोब दगड होतो. "बरोबर दिलोय की. मोजून घ्या नीट." कारण हे वाक्य घेऊन परत येणारी शंभरातली नव्व्याण्णव माणसं कमी आले म्हणूनच आलेली असतात. जास्त आले म्हणून कुणी येईल, हे त्याच्या हिशोबातच नसतं. मग त्याला पटेपर्यंत चार लोक जमतात, त्याची चूक चव्हाट्यावर येते, आणि गल्ल्यावर नोकर असेल तर मालकासमोर त्याची शोभा होते. म्हणून नोट आधी पुढं करावी, तोंड मागून उघडावं. काही लोक परत देताना आवाज असा लावतात, की आजूबाजूच्या सहा दुकानांना कळावं. काही त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवतात. त्यापेक्षा ते दोनशे त्यांनी ठेवून घेतले असते तर मला कमी त्रास झाला असता.

आता फोननं हा सगळा खेळच उलटा केला आहे. चिल्लर संपली, तशी दुकानदाराची चूकही संपत आली; आता चुकतं ते गिऱ्हाईक. एक शून्य जास्त दाबलं जातं, डबडं मोठ्यानं ओरडून सगळ्या गल्लीला रक्कम सांगतं, आणि परत करायची पाळी विकणाऱ्यावर येते. आमच्या भागात कडक भाकऱ्या विकणाऱ्या एका मावशी आहेत. क्यूआर कोडचा कागद भाकऱ्यांच्या चळतीला टेकवलेला, पण खातं पोराचं, आणि पोरगा दिवसभर एमआयडीसीत. परवा एका घाईतल्या गृहस्थांनी पन्नासऐवजी पाचशे पाठवले. डबडं ओरडलं, मावशींनी ऐकलं, गृहस्थांना हाक मारून थांबवलं. गृहस्थ म्हणाले, परत पाठवा. मावशी म्हणाल्या, "मला कुठं पाठवता येतंय? पोरगा येईस्तोवर थांबा, नायतर चारशे पन्नासच्या भाकऱ्या न्या. कडक हाईत, महिनाभर हलत नाहीत."

गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि पिशवी आहे का विचारलं.