हीर

सकाळी न्हाणीघराच्या भिंतीवर खराट्याचा एक हीर चिकटलेला दिसला. पावसाळ्यात काय कुठे चिकटेल याचा नेम नाही. चिमटीत धरून ओढायला गेले, तर हीर जरासा डुलला. वारा नव्हता. मी किंचाळले असं घरचे सांगतात. मला आठवत नाही.

मग ओळखपरेड. सासूबाईंचं माहेर जेजुरीकडचं. त्यांनी दारातूनच निकाल दिला, "खंडोबाचा किडा आहे तो, मारू नका." लेक म्हणाला, उंटअळी. पण उंटअळीला असे लांबच लांब पाय कुठले? आणि खंडोबाच्या किड्याचं डोकं तिकोनी, पुढचे पाय दुमडलेले, काटेरी. शिवाय तो मान वळवून आपल्याकडे रोखून बघतो, हिशेब मागितल्यासारखा. इथे ना मान, ना नजर.

पाय मोजले तर चारच भरले. किडा म्हटला की सहा हवेत. चष्मा आणला. तेव्हा कळलं, मी ज्याला हिराचं टोक समजत होते ते पुढचे दोन पाय होते, नाकासमोर सरळ ताणून एकमेकांना जुळवलेले. त्यांच्या मांड्यांना मुळाशी आतून बाक, आणि त्या खोबणीत डोकं बेमालूम बसवलेलं. सुतारानेही इतका सांधा साधला नसता.

काडीकिडा. डुलणं हेही सोंगच, फांदी वाऱ्यावर हलते तसं. याच्या कुळाचं शास्त्रीय नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलंय, त्याचा अर्थ भूत. पण भुताने पांढऱ्या भिंतीवर येऊन उभं राहू नये. मागच्या पेरूवर असता, तर त्याच्यासमोर मी रोज कपडे वाळत घातले असते नि दिसला नसता. कदाचित घालतेच आहे.

याचा तमिळनाडूतला एक भाऊबंद युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये शंभरेक वर्षं मुक्काम ठोकून आहे. भाऊबंद कसला, बहिणीच सगळ्या. त्यांच्यात नर क्वचितच. नराशिवायच अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा मुलीच. अंड्यांना झाकण असतं, त्यावर एक बोंड. काही जातींत मुंग्या त्या बोंडाच्या लोभाने अंडं वारुळात ओढून नेतात, बोंड खातात आणि अंडं तसंच सोडतात. फुकटची सुरक्षित खोली.

लेकाच्या हट्टापायी पाहुणा एक रात्र पेरूच्या पानांसकट बरणीत राहिला. रात्रीचाच जेवतो, सकाळी पानांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. त्याला झाडावर सोडलं. पहिल्या पावलानंतर दिसेनासाच झाला.

बरणी घासायला घेतलेल्या सासूबाईंनी तळाशी बोट फिरवलं. दोन-तीन काळपट दाणे.

"कसलं गं हे बी? कुंडीत टाकू?"

टाका म्हटलं.