दोरी आक्काच्या हातात

दिवाळीचा फराळ संपत आला की आक्का आईच्या मागे लागायची, "दोरी कधी?" दोरी म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला पडदा ओढायची दोरी. नाच, लेझीम, बक्षीस, तिला काही म्हणजे काही नको असायचं.

आक्काला डाऊन सिंड्रोम आहे. सांगलीत रिक्षावाल्याला तिच्या शाळेचं नाव सांगून कळायचं नाही. 'मतिमंद शाळा' म्हटलं की लगेच "बसा" म्हणायचा. पुढं दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला, कागदावरचे शब्द बदलले. रिक्षावाला अजून तिथंच आहे.

गॅदरिंगची सुरुवात मोठ्या बाईंच्या अहवालानं. दर वर्षी तो १९४४ सालापासून निघायचा. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्यानं आपल्या लेकीसाठी घरातच शाळा कशी काढली, ती जय वकील शाळा. मग आमच्या गावातल्या चार-पाच आईबापांनी भाड्याच्या दोन खोल्या कशा धरल्या. आम्ही भावंडं मागच्या रांगेत भडंग खात खिदळायचो. बाई मात्र हुशार. एरवी शाळेकडं न फिरकणारे बाप त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून आयते सापडायचे, म्हणून कामाच्या गोष्टी त्या अहवालातच घुसडायच्या. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, तिथंच कळला. मूल अठराचं झालं की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं रीतसर अर्ज करावा लागतो. दादा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री आईनं ट्रंकेतून आक्काचा जन्मदाखला काढून ठेवला.

आणि नाटक! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, त्यामुळं आमच्या शाळेलाही ते करावंच लागे. एका वर्षी रामानं धनुष्य मोडायला साफ नकार दिला. त्यावरचा सोनेरी कागद त्यानं स्वतः आठवडाभर खपून चिकटवला होता, मोडेल कसा? जनक, सीता, विंगेतल्या बाई, सगळ्यांनी विनवलं. शेवटी त्यानं ते शाबूत धनुष्य सीतेच्या हातात दिलं. सीतेनं ते खाली ठेवून हार घातला. टाळ्या थांबेनात. मला तर हाच शेवट बरा वाटतो.

आक्काची कीर्ती झाली ती वेगळ्याच कारणानं. एका वर्षी प्रमुख पाहुणे 'ही देवाघरची फुलं' इथून सुरू झाले आणि पाऊण तास थांबेनात. पोरं कंटाळून उभी राहायला लागली. आक्कानं पडदा ओढला. पाहुणे आत, माईक बाहेर. बाई धावत विंगेत गेल्या तर आक्का शांतपणे म्हणाली, "सगळे उठले की ओढ, तुम्हीच सांगितलं." सांगितलं होतंच की, राष्ट्रगीतासाठी! त्या दिवशी पहिल्या रांगेतले दादासुद्धा रुमालात तोंड घालून हसत होते.

आता आक्का शाळेच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करते. दादा नाहीत. मधे एकदा मोठ्या हॉलमध्ये गॅदरिंग झालं, तिथं पडदा बटणावर चालायचा. आक्कानं बटणाला हात लावला नाही, दिवसभर जेवलीही नाही. तेव्हापासून मंडपवाल्याला फोन करताना मी दर वगैरे नंतर बोलतो, आधी दोरीचं विचारतो.