जुन्या गाडीला आरपीएम मीटर जोडताना

आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा मीटर, आणला की बहुतेक जण आधी डॅशबोर्डवर भोक कुठे पाडायचं ते ठरवतात. ते काम शेवटचं. आधी मीटरची तबकडी वाचा. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या इलेक्ट्रिक मीटरवर बारीक अक्षरांत ‘आरव्हीआय’ किंवा ‘आरव्हीसी’ अशी सुरुवात असलेला नंबर असतो. पुढचं सगळं वायरिंग त्यावर ठरतं.

आरव्हीआय करंट मोजतो. इग्निशन स्विचकडून कॉइलला (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) जाणारी वायर त्याच्या पाठीमागच्या वेढ्यातून फिरून पुढे कॉइलला जाते, म्हणजे इंजिनाचा सगळा इग्निशन करंट मीटरमागून जातो. तिथला एखादा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) सैल झाला तर नुसता काटा पडत नाही, गाडीच बंद पडते. म्हणून ही वायर मूळ वायरीपेक्षा बारीक नको आणि लग नीट क्रिंप केलेले, म्हणजे वायरीवर घट्ट दाबून बसवलेले, हवेत. वेढ्याची दिशा उलटी पडली तर काटा हलत नाही किंवा वेडंवाकडं दाखवतो. अशा वेळी मीटर उघडण्याआधी वेढा उलटा करून पाहा.

आरव्हीसी आणि आजचे बहुतेक मीटर व्होल्टेजवर चालतात. त्यांना कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलवरून एकच सिग्नल वायर लागते. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागातले) उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क. टर्मिनलवर काय छापलंय यापेक्षा वायर कुठे जाते ते पाहा: जी डिस्ट्रिब्युटरला जाते, ती बाजू आपली. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत (जिथे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो) ही बाजू कॉइलच्या प्लसची असते, त्यामुळे ‘मायनसला जोडा’ हा सल्ला तिथे चुकतो.

या सिग्नल वायरीला हलक्यात घेऊ नका. पॉइंट उघडतात त्या क्षणी तिच्यावर 12 नव्हे, दोनतीनशे व्होल्टचा झटका असतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यावर घासून ती बॉडीला टेकली, तर पॉइंट उघडले काय नि मिटले काय, कॉइलला फरक कळत नाही. स्पार्क बंद, इंजिन ठप्प, आणि इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापत राहते. भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी) घालाच. वायर स्पार्क प्लगच्या लीडपासून लांब न्या, नाहीतर काटा थरथरतो.

बाकी वायरिंग सोपं आहे. सप्लाय इग्निशन चालू केल्यावरच मिळणाऱ्या, फ्यूजमागच्या वायरीवरून घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांतल्या ल्युकास कंपनीच्या वायरिंगमध्ये ती हिरवी असते. पांढरी फ्यूजशिवायची, कॉइलकडे जाणारी. दिव्याची वायर लाल-पांढरी, अर्थिंगची काळी. अर्थिंग डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पत्र्यावर सोडू नका, खरवडून उघड्या धातूवर घ्या. काटा उड्या मारतो तेव्हा दोष बऱ्याचदा इथेच असतो.

पॉझिटिव्ह अर्थिंगची गाडी आणि निगेटिव्ह अर्थिंगचा मीटर अशी जोडी तर मुळीच जोडू नका. ज्या मीटरचं धातूचं कवच आतून मायनसला जोडलेलं असतं, तो डॅशबोर्डला आवळला की थेट शॉर्ट होतो. मीटर आतून बदलून घ्या किंवा गाडीचं अर्थिंग बदला.

केबलवर चालणारा मीटर हवा असेल तर कॅमशाफ्ट, डिस्ट्रिब्युटर किंवा डायनामोवर ड्राइव्हची जागा लागते. ती नसेल तर तो नाद सोडा.

आता रीडिंग. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला 2 स्पार्क, सहात 3, आठात 4. म्हणजे चार सिलिंडरला 3000 आरपीएमवर सेकंदाला 100 स्पार्क. त्याच गाडीवर सहाच्या सेटिंगचा मीटर 2000 दाखवेल, आठच्या सेटिंगचा 1500. चूक अशा सरळ प्रमाणात असेल तर सिलिंडर सेटिंग बघा. वेग वाढला की काटा अडखळत असेल तर पॉइंटची फट आणि पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तपासा, मीटर निर्दोष असू शकतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर आरव्हीआय गप्प झाला, तर त्याला हवा तसा करंटचा ठोका आता मिळत नाही. एका वेळी अनेक स्पार्क देणाऱ्या यंत्रणेत मीटरसाठी दिलेलं वेगळं आउटपुटच वापरा.

थोडा फरक उरला तर मीटरच्या पाठीमागच्या छोट्या पॉटने (फिरवून जुळवायच्या स्क्रूने) जुळवा. आरपीएम दाखवणारी टायमिंग लाइट लावून आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) आणि 3000 वर, दोन्हीकडे तपासा. नुसत्या आयडलवर जुळवलेला मीटर वरच्या वेगाला खोटं बोलू शकतो. जुळला की पॉट हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा.