जिप्सीचं हेड: तयार विकत घ्यावं की मूळचंच करून घ्यावं?

ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या छोट्या ट्रॅकवर वेळ लावून होणारी शर्यत) ठेवलेल्या माझ्या जिप्सी किंगला आणखी पॉवर हवी होती. इंजिन 1298 सीसी, सोळा व्हॉल्व (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा), एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन इंजेक्शन; कंपनीच्या कागदावर 80 बीएचपी. त्यातली नाशकात पूर्ण मिळतच नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहोत, इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के कमी, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला बाहेर असेल तेवढ्याच हवेवर भागवावं लागतं. म्हणजे कसारा घाट चढून वर येईपर्यंतच चार-पाच बीएचपी गेलेली असते. ती भरून काढून वर थोडी जास्त मिळवायची, तर इंजिनात हवा जाण्याची वाट सुधारायला हवी. ती वाट म्हणजे सिलिंडर हेड, इंजिनाचा व्हॉल्व बसवलेला वरचा भाग.

पर्याय दोन होते. परदेशातून पोर्टिंग केलेलं (म्हणजे हवेचे मार्ग, पोर्ट, कोरून सुधारलेलं), मोठे व्हॉल्व बसवलेलं तयार हेड मागवायचं, किंवा गाडीचंच हेड उतरवून इथे काम करून घ्यायचं. सर्कलमधल्या बहुतेकांचा कौल तयार हेडच्या बाजूने होता. खोका उघडा, बसवा, गाडी बाहेर काढा. हे आकर्षण मलाही होतं, म्हणून मी आधी त्या हेडचे फ्लोचे, म्हणजे त्यातून किती हवा जाते त्याचे, आकडे मागवले.

ते आकडे नीट वाचल्यावर माझं मत बदलायला लागलं. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा होता व्हॉल्व पूर्ण उंच उचलल्यावरच्या फ्लोचा, आणि ती उंची माझा स्टॉक (कंपनीचा मूळ) कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, गाठतच नाही. म्हणजे ज्या फायद्याचे पैसे मोजायचे, तो माझ्या इंजिनात घडणारच नव्हता. शिवाय व्हॉल्व सर्वात वरच्या बिंदूला एका उघडझापीत एकदाच पोचतो, पण खालच्या-मधल्या उंचीवरून दोनदा जातो, एकदा उघडताना, एकदा मिटताना. स्टॉक कॅमच्या इंजिनाला तिथेच जास्त हवा मिळायला हवी. त्या उंचीवर सगळा खेळ सीटचा (व्हॉल्व मिटल्यावर टेकतो ती कडा) आणि सीटच्या लगेच खालच्या खळग्याचा असतो. पोर्ट केवढा मोठा कोरलाय याचा तिथे फारसा संबंध नाही.

खर्चाचंही सांगतो. हेडची किंमत, जहाजभाडं आणि आयात शुल्क धरून आकडा इथल्या कामाच्या दुपटीच्या पुढे जात होता. आणि एवढं करून ते हेड आल्यावर पुन्हा इंजिनाचं मशीनकाम करणाऱ्या बोरिंगवाल्याकडे न्यावंच लागतं. फेस (हेडची इंजिन ब्लॉकवर बसणारी बाजू) सपाट आहे का, गाइड (व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) घट्ट आहेत का, स्प्रिंगची बसलेली उंची चारही सिलिंडरला सारखी आहे का, हे न तपासता तयार हेड चढवणं मला कधीच पटलं नसतं.

तरी निर्णय मी हेड उतरवल्यावरच घेतला. मूळ कास्टिंगच खराब असेल तर त्यावर एक रुपयाही घालण्यात अर्थ नाही. अंबडला एमआयडीसीत एक मिस्त्री काका आहेत, त्यांच्याकडे हेड नेलं. आधी केमिकलमध्ये धुऊन काढलं, मग डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) मारून दोन व्हॉल्वच्या मधली जागा आणि प्लगच्या भोवतालची जागा पाहिली. जास्त तापलेल्या अॅल्युमिनियम हेडला तडा गेला तर बहुधा इथेच जातो. मग पाण्याचे मार्ग बंद करून हवेच्या दाबाखाली टेस्ट. फेसवर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) सरकवून पाहिलं; 0.05 मिलिमीटरच्या पुढे वाक असेल तर फेस मारावाच, म्हणजे मशीनवर घासून सपाट करावाच लागतो. माझ्याकडे वाक थोडा होता, तडा कुठेच नव्हता. काका म्हणाले, “भाऊ, कास्टिंग चांगलंय. हे टाकून दुसरं आणायचं कारण मला तरी दिसत नाही.” तिथे माझा निर्णय झाला.

कामातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे सीट कटिंग. मूळ 45 अंशांची सीट, तिच्यावर 30 अंशांचा आणि खाली 60 अंशांचा काप, असे तीन कोन घेतले की हवा कडेवर आपटत नाही, वळून आत शिरते. पण त्याआधी गाइड बदलायला हवेत. कटरला सरळ धरणारी दांडी, पायलट, गाइडच्या भोकात बसते. गाइड झिजलेला असेल तर सीट तिरकी कापली जाते आणि बाकीची सगळी मेहनत वाया. आमच्याकडे एक्झॉस्टचे गाइड ढिले निघाले, तेव्हा सगळेच नवे घातले.

पोर्टिंगला मी दुकानातच बसून होतो. सीटखालच्या खळग्यात, मशीनचा काप आणि कास्टिंग जिथे मिळतात तिथे, एक धारदार पायरी असते. नखाला लागते. काकांनी ती डाय ग्राइंडरने काढून नितळ केली, गाइडचा पुढे आलेला फुगवटा निमुळता केला. पोर्टच्या तळाचं आतलं वळण मात्र त्यांनी फक्त हलक्या एमरीने गोल केलं. घाटाच्या वळणावर वेगात आलेली गाडी बाहेर फेकली जाते, तशी या वळणावर हवा तळ सोडते, आणि तिथे जास्त कोरलं तर फ्लो उलट कमी होतो. पोर्टचा व्यास वाढवलाच नाही. मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी ढिली वाटते. आणि ऑटोक्रॉसला ट्रॅकवरच्या कोनाला (प्लास्टिकच्या शंकूला) वळसा घालून बाहेर पडताना तीच खेच लागते. इनटेकच्या भिंती आरशासारख्या चकचकीत करायचा आग्रह पुष्कळ जण धरतात, मी धरला नाही. एक्झॉस्टला चकाकी चालते, काजळी कमी धरते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पटीने दाबली जाते ते. 74 मिमी बोअर, 75.5 मिमी स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण 324.5 सीसी. आम्ही चेंबरवर ग्रीस लावून अॅक्रिलिकची पट्टी बसवली, तिच्या भोकातून ब्युरेटने रंगीत रॉकेल सोडून प्रत्येक चेंबर मोजलं. गॅस्केट आणि पिस्टन धरून एकूण जागा साडेचाळीस सीसीच्या आसपास भरली, म्हणजे रेशो नऊ. 10 चा रेशो हवा तर साडेचार सीसी कमी करायला हवेत, आणि त्यासाठी मिलिमीटरहून जास्त फेस घासावा लागला असता. तेवढं नको होतं. सहा दशांश मिलिमीटर मारून साडेनऊच्या जवळ थांबलो. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 ऑक्टेनचं होतं. मी 95 भरतो, पण मे महिन्यातल्या दुपारी नॉकिंगला (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात ठोके बसण्याला) वाव ठेवायचा नाही. फेस मारला की कॅम क्रँकच्या (इंजिनाच्या खालच्या मुख्य दांड्याच्या) जवळ येतो आणि बेल्टच्या इंजिनात कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं, हे बरेच जण विसरतात. म्हणून अॅडजस्टेबल कॅम पुली घातली आणि डायल गेजने टायमिंग पुन्हा जुळवलं.

निकाल पुण्याला चेसिस डायनोवर (चाकांवरची पॉवर मोजणाऱ्या मशीनवर) पाहिला. कामाआधीचा रनही तिथेच केला होता, त्यामुळे तुलना एकाच मशीनवरची. मागच्या चाकांवर 57 बीएचपीची 63 झाली. तीन हजारांपासूनच टॉर्कची रेघ वर सरकलेली दिसते, आणि मला त्या सहा बीएचपीपेक्षा तिचं अप्रूप जास्त आहे. ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) असलेल्या गाडीत चाकावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा यांत मोठं अंतर राहतं, तेव्हा कोणी नुसता आकडा सांगितला तर तो कुठे मोजलाय हे आधी विचारावं.

शर्यतीच्या नियमांचीही एक बाजू आहे. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या ग्रुप ए चौकटीत मूळ भाग घासून, खरवडून सुधारता येतो. तो बदलून दुसरा घालता येत नाही, आणि भाग मूळ कारखान्याचाच आहे हे ओळखू यायला हवं. ग्रुप एन मध्ये तर एवढीही मोकळीक नाही. म्हणून आधी एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक उघडा, आपला वर्ग शोधा, मगच हेडला हात लावा. तयार हेडमुळे स्क्रूटिनीला (शर्यतीतल्या गाडीच्या तपासणीला) बाहेर काढलं गेलं तर सगळा खर्च पाण्यात. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम 52 वाचा. माझी जिप्सी ट्रेलरवरून जाते-येते.

तयार हेडला माझा सरसकट विरोध नाही. कास्टिंगला तडा निघाला असता, किंवा उंच लिफ्टचा कॅम, मोकळं एक्झॉस्ट आणि ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असं सगळं एकदम करायचं असतं, तर मोठ्या व्हॉल्वचं हेड मीही मागवलं असतं. स्टॉक कॅम आणि स्टॉक ईसीयूवर त्या हेडचा उपयोग होत नाही. 1985 पासून 2019 पर्यंत जिप्सी बनत राहिली, लष्करानेही भरपूर वापरली, त्यामुळे व्हॉल्व, गाइड, गॅस्केट अजून मिळतात. नाशकातल्या द्वारका भागातल्या दुकानांत मला गाइडचा पूर्ण सेट एका फेरीत मिळाला.

आता पुढचं काम एक्झॉस्ट हेडरचं, म्हणजे चार सिलिंडरांचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडणीचं. चार पाइपांच्या लांबीचं गणित काकांबरोबर चालू आहे. ते बसवून पुन्हा डायनोला नेली की त्या आकड्यांवरून कॅम बदलायचा की नाही ते ठरेल.